घरगुती लिपिड मापक यंत्र: मोजणी समाधानकारक, निष्कर्ष घाईचे

बोटाला टोचून काढलेल्या रक्ताच्या थेंबावरून कोलेस्टेरॉल मोजणारी छोटी यंत्रे आता रक्तदाब आणि साखर मोजणाऱ्या यंत्रांच्या जोडीने घरात येऊ लागली आहेत. आमच्या घरात दोघांना कोलेस्टेरॉलची गोळी चालू असल्यामुळे असे एक यंत्र आम्ही बराच काळ वापरत आहोत. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण या प्रकारच्या यंत्रांची रचना बरीचशी सारखी असते आणि मला जे सांगायचे आहे ते एकाच कंपनीपुरते मर्यादित नाही. मोजण्याचे काम हे यंत्र चांगले करते. मात्र मोजलेल्या आकड्याचा अर्थ ते ज्या ठामपणाने पडद्यावर मांडते, त्यावर माझा गंभीर आक्षेप आहे.

यंत्राबरोबर मिळणाऱ्या पट्टीवर विकरांचे (एन्झाइमचे) थर असतात. रक्ताचा थेंब त्यांत मुरला की रासायनिक क्रिया होऊन रंग येतो आणि त्या रंगाच्या गडदपणावरून यंत्र आकडा काढते. एका पट्टीला साधारण ३५ मायक्रोलिटर रक्त लागते. साखरेच्या पट्टीला लागते त्यापेक्षा हे कितीतरी जास्त असल्याने पहिल्यांदा वापरणाऱ्याची इथेच पंचाईत होते. थेंब पुरत नाही म्हणून बोट जोरजोरात पिळले, तर रक्तात ऊतींमधला द्रव मिसळतो आणि आकडा बिघडतो. हात कोमट पाण्याने धुऊन, थोडा वेळ खाली सोडून, बोटाच्या टोकाला मधोमध न टोचता कडेला टोचल्यास रक्त आपोआप पुरेसे येते. पहिला थेंब पुसून टाकावा आणि दुसरा घ्यावा.

पडद्यावर मुख्य चार आकडे येतात, पण प्रत्यक्षात मोजले जातात ते तीनच: एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार). ज्या एलडीएलसाठी, म्हणजे धमन्यांत साचणाऱ्या ‘वाईट’ कोलेस्टेरॉलसाठी, आपण हा सारा खटाटोप करतो, ते यंत्र गणिताने काढते. १९७२ साली प्रसिद्ध झालेले फ्रीडवाल्ड यांचे सूत्र त्यासाठी वापरले जाते, आणि कित्येक लॅबच्या रिपोर्टमध्येही तेच असते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. एकूण २१०, एचडीएल ४५ आणि ट्रायग्लिसराइड १५० असेल (इथले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये), तर एलडीएल १३५ येते. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र लागू पडत नाही, आणि आमचे यंत्र अशा वेळी एलडीएलच्या जागी नुसत्या रेघा दाखवते, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. एलडीएल बरेच कमी, म्हणजे ७० च्या खाली असेल आणि ट्रायग्लिसराइड वाढलेले असेल, तेव्हाही सूत्राचे उत्तर प्रत्यक्षापेक्षा कमी येण्याची शक्यता असते. त्याविषयी मात्र यंत्र काहीच सांगत नाही.

माहितीपुस्तिकेत अगदी बारीक अक्षरांत एक सूचना छापली आहे, जी खरे तर खोक्यावर ठळकपणे असायला हवी होती. ट्रायग्लिसराइड मोजताना पट्टी त्याचे विघटन करून सुटणारे ग्लिसरॉल मोजते, आणि हातांना लावायच्या बहुतेक लोशनमध्ये तेच ग्लिसरॉल, म्हणजे ग्लिसरीन, असते. मुद्दाम पडताळा म्हणून आम्ही एका हाताला लोशन लावून आणि दुसरा नुसता पाण्याने खळखळून धुऊन, एकाच बैठकीत दोन्ही हातांच्या बोटांवरून चाचणी केली, तेव्हा लोशनच्या हाताचे ट्रायग्लिसराइड डोळ्यांत भरण्याइतके जास्त आले. वरच्याच उदाहरणात समजा १५० ऐवजी २५० असे चुकीचे ट्रायग्लिसराइड नोंदले गेले, तर सूत्रानुसार एलडीएल १३५ ऐवजी ११५ निघेल. म्हणजे त्वचेवरच्या लोशनमुळे एलडीएल २० अंकांनी सुधारल्यासारखे दिसेल, आणि माणूस त्या सुधारणेचे श्रेय आपल्या पथ्याला देऊन मोकळा होईल. काही साबणांतही ग्लिसरीन असते, म्हणून हात शेवटी भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करणे आवश्यक आहे. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत उलट प्रकार घडतो. रंग येण्याची क्रियाच मंदावते आणि आकडे कमी दिसतात.

अचूकता तपासण्यासाठी आम्ही एकाच सकाळी लॅबमध्ये शिरेतून रक्त दिले आणि त्याच वेळी यंत्रावरही चाचणी केली. एकूण कोलेस्टेरॉल जवळपास जुळले, एचडीएलमध्ये तफावत सर्वांत जास्त होती. ही तफावत समजून घेण्यासाठी एक मापदंड उपयोगी पडतो: एकूण कोलेस्टेरॉलच्या एकेका चाचणीत सुमारे ९ टक्क्यांपर्यंतची चूक स्वीकारार्ह मानली जाते. म्हणजे खरा आकडा २०० असेल, तर १८२ आणि २१८ हे दोन्ही वाचन नियमात बसतात. त्यात शरीराचे स्वतःचे चढउतार मिळवावे लागतात. काहीही न बदलता त्याच माणसाचे एकूण कोलेस्टेरॉल दिवसागणिक ५ ते ६ टक्क्यांनी वरखाली होते, आणि ट्रायग्लिसराइड तर २० टक्क्यांच्या आसपास. बराच वेळ उभे राहून आल्यावर रक्तातील पाण्याचा अंश घटलेला असतो, त्यामुळेही आकडा वाढतो. म्हणून निदान दहा-पंधरा मिनिटे शांत बसून चाचणी करावी. मागच्या महिन्यापेक्षा १० अंक जास्त आले म्हणून धास्तावणे आणि १० कमी आले म्हणून निश्चिंत होणे, या दोन्ही गोष्टींना आधार नाही.

माझी मुख्य तक्रार पुढेच आहे. प्रत्येक आकड्याच्या बाजूला हे यंत्र हिरवी, पिवळी किंवा लाल खूण दाखवते. यंत्राला वय विचारलेले नाही, रक्तदाब ठाऊक नाही, मधुमेह आहे का, धूम्रपान आहे का, पूर्वी हृदयविकाराचा झटका आला आहे का, यांतले काहीही त्याला माहीत नाही. एलडीएल ११० हा आकडा घ्या. इतर कोणताही धोका नसलेल्या तरुण माणसाच्या बाबतीत तो सहसा काळजीचे कारण ठरत नाही. पण ज्याच्या हृदयाच्या धमनीत आधीच अडथळा सापडला आहे, त्याच्यासाठी २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी एलडीएल ५५ च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट सांगितले आहे, म्हणजे हाच आकडा त्याच्या दुप्पट झाला. यंत्र दोघांनाही एकच रंग दाखवते. एकाच घरात दोन वेगळ्या जोखमीची माणसे तेच यंत्र वापरतात, तेव्हा हा दोष अगदी ठसठशीतपणे जाणवतो.

याहून घातक म्हणजे हिरवी खूण पाहून गोळी बंद करण्याचा मोह. कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन गटातील औषध यकृतातील कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या विकराला अडवते. मग यकृत आपली गरज भागवण्यासाठी पेशींवरील एलडीएल पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) वाढवते आणि रक्तातले एलडीएल ओढून घेते. याच ग्राहकांच्या शोधासाठी मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. गोळी थांबवली की ही सारी व्यवस्था काही आठवड्यांत पूर्ववत होते आणि आकडा जुन्या पातळीकडे परततो. हिरवी खूण गोळीमुळे आलेली असते, आणि ‘औषध चालू असल्यास ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये’ एवढे एक वाक्य पडद्यावर दाखवणे कंपनीला मुळीच अवघड नव्हते.

पडद्यावर एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल यांचे गुणोत्तर मात्र मोठ्या अक्षरांत येते. त्याऐवजी एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून उरणारा आकडा दाखवला असता, तर तो जास्त कामाचा ठरला असता. धमन्यांत साचू शकणारे सगळे घटक त्यात मोजले जातात, त्याला ट्रायग्लिसराइडचे सूत्र लागत नाही, आणि त्याचे उद्दिष्ट एलडीएलच्या उद्दिष्टापेक्षा ३० ने जास्त धरले की पुरते. लोशनचा घोळही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आम्ही ही वजाबाकी वहीत हाताने करतो.

यंत्र खरोखर उपयोगी पडले ते गोळी नव्याने सुरू झाली तेव्हा. मध्यम किंवा जास्त ताकदीच्या स्टॅटिनने एलडीएल ३० ते ५० टक्के किंवा त्याहूनही अधिक उतरते, आणि एवढा मोठा बदल घरगुती यंत्रालाही स्पष्ट दिसतो. औषध सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी असे सांगितले जाते, आणि लॅबच्या त्या तपासणीची वाट पाहत असताना घरातल्या वाचनाने औषध लागू पडत असल्याचे दिसले, तेव्हा गोळी नियमित घेण्याचा आमच्या घरातला उत्साह टिकून राहिला. एलडीएल सुमारे ३९ अंकांनी कमी झाल्यास हृदयविकार आणि पक्षाघाताचे मोठे प्रसंग साधारण एक पंचमांशाने घटतात, हे मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे, तेव्हा हा उत्साह लहान गोष्ट नव्हे. याउलट गोळीची मात्रा दुप्पट केल्यावर मिळणारी अधिकची घट सुमारे ६ टक्के असते. ती यंत्राच्या त्रुटीच्या मर्यादेत हरवून जाते, त्यामुळे मात्रा वाढवण्याचा निर्णय या यंत्रावर सोपवू नये. संपृक्त चरबी कमी करून आणि विद्राव्य तंतू वाढवून होणारा फरकही एका वाचनात क्वचितच पकडता येतो. काही महिन्यांच्या नोंदी ओळीने पाहिल्या तर तो दिसू लागतो.

पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी लागते आणि दमट हवेत पट्ट्या लवकर खराब होतात. एकक मिलिग्रॅमवरून मिलिमोलवर बदलण्याची सोय आहे, पण ते बटण चुकून दाबले जाते. कोलेस्टेरॉलसाठी ३८.६७ आणि ट्रायग्लिसराइडसाठी ८८.५७ असे दोन वेगळे भाजक असल्यामुळे मनातल्या मनात रूपांतर करायला जाऊ नये.

ज्यांच्या कुटुंबात कमी वयात हृदयविकाराचे झटके आले आहेत, त्यांनी मात्र या यंत्रापासून सुरुवात करू नये. लायपोप्रोटीन-ए हा प्रामुख्याने आनुवंशिकतेने ठरणारा घटक त्याच्यावर मोजता येत नाही, आणि तो आयुष्यात एकदा तरी मोजून घ्यावा असे तज्ज्ञ सांगतात. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आले, तर पथ्यात काय चुकले हे शोधत बसण्यापेक्षा आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीची शंका घ्यायला हवी. हा विकार सुमारे २५० जणांत एकाला असतो, आणि आईवडिलांपैकी एकाला असल्यास प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. अशा घरात मुलांचीही तपासणी शिरेतल्या रक्तावर लॅबमध्येच करून घ्यावी, आणि यंत्र घ्यायचेच असेल तर त्यानंतर घ्यावे.