पायाची माती झाकावी की अडवावी?

बांधकामाचं लायसन हातात आलंय, जेसीबीवाला ‘उद्या येऊ काय ओ’ म्हणून फोन करतोय, प्लॉट उताराचा आहे आणि रोहिणी नक्षत्र चार दिवसांवर आलंय. बेळगावच्या पश्चिमेला घर बांधणाऱ्या बऱ्याच जणांची गोष्ट इथूनच सुरू होते. माझीही झाली. तीन गुंठ्यांचा प्लॉट, पाया काढला, निघालेला मुरूम रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवला, कारण परत भरावाला लागणारच होता. एका संध्याकाळी वळीव आला, तास-दीड तास. सकाळी खालच्या शेतातले काका बांधावर उभे. त्यांनी भाताची धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत करतात ती) करून आठ दिवस झालेले, कोंब नुकते वर आलेले, आणि त्यांच्यावर तांबड्या गाळाची चार बोटं जाड साय.

“तुमचा मुरूम येऊन बसलाय की ओ माझ्या भातावर. आता खोऱ्यानं काढू काय चमच्यानं?”

बियाणं मी भरून दिलं. पण पाऊस लागल्यावर धूळवाफ परत कुठून आणून देणार?

तेव्हापासून कुणी सल्ला विचारला की मी उलट दोनच गोष्टी विचारतो. प्लॉट कुणाच्या हद्दीत आहे, आणि माती कुठली आहे.

हद्द

वरचा प्लॉट ग्रामपंचायतीत आणि खालचा महापालिकेत, असं बेळगावच्या कडेला दिसतंच. महापालिकेचा परवाना १९७६ च्या कर्नाटक महानगरपालिका कायद्याखाली मिळतो, पंचायतीचा १९९३ च्या पंचायत राज कायद्याखाली. बुडाचं, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचं, लेआउट (प्लॉट पाडलेली जागा) असेल तर १९६१ च्या नगररचना कायद्याची मंजुरीही आली. कागद वेगवेगळे, पण मातीपुरता फरक एकच जाणवतो: शहरात तुमची माती गटारात जाते, खेड्यात शेतात. गटार तुंबलं की गल्ली ओरडते आणि ढीग उचलावा लागतो. शेतात गेली की ओरडायला एकटा शेतकरी असतो. पंचायतीतला प्लॉट ‘सोपा’ म्हणतात ते कागदापुरतं खरं आहे. भांडण तिथलंच जास्त चिवट, कारण समोरच्याचं तोंड रोज बघायचं असतं.

माझ्या परवान्यावरच्या अटी कन्नडमध्ये होत्या, बारीक टाइपात. मी त्या वाचून घेतल्या त्या गाळ काढून झाल्यावर. रस्त्यावर साहित्य टाकू नये, गटार अडवू नये, एवढं होतं. उघड्या मातीबद्दल अक्षर नव्हतं. इंजिनिअरला बसवून एकेक अट मराठीत समजून घ्या, आणि तेही जेसीबी यायच्या आधी.

दोन्ही हद्दींच्या वर केंद्राचे कायदे आहेतच. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २४ ओढ्या-नाल्याचा प्रवाह अडून प्रदूषण वाढेल असं काही त्यात टाकायला मनाई करतं. २०१६ च्या बांधकाम-पाडकाम कचरा नियमांनी तर लहान घरालाही सांगितलं होतं की कचरा आवारातच ठेवा, रहदारी किंवा गटार अडेल असा टाकू नका. त्यांच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चे नियम लागू, आणि त्यांचा मुख्य भार २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर आहे.

हा वीस हजारांचा आकडा लक्षात ठेवा. पर्यावरण मंजुरीही २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तिथूनच सुरू होते, आणि ते मोजमाप बांधीव क्षेत्राचं. वसाहत विकसित करायची तर क्षेत्रफळाची मर्यादा ५० हेक्टर, म्हणजे जवळजवळ सव्वाशे एकर. अमेरिकेत एक एकर, आपले चाळीस गुंठे, जमीन उघडी केली की पावसाच्या पाण्याचा परवाना लागतो आणि गाळ कसा रोखणार याचा आराखडा करावा लागतो. तिथं उघडी पडलेली जमीन मोजतात, इथं चढवलेला स्लॅब. आणि गाळ तर उघड्या जमिनीतून येतो! पाच-दहा एकरांचं लेआउट, रस्ते कापून ठेवलेले, घर एकही नाही, हे आपल्याकडच्या दोन्ही आकड्यांच्या खालून आरामात निसटतं. माझ्या पाहण्यात बळ्ळारी नाल्याकडं आणि मार्कंडेय नदीकडं उतरणारं सगळ्यात तांबडं पाणी अशाच जागांचं असतं. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात नाल्याचं पाणी चढलं की काय होतं ते तिथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको.

म्हणजे दोन-तीन गुंठेवाल्याला किंवा छोट्या लेआउटवाल्याला माती कशी सांभाळायची हे कायदा हात धरून सांगत नाही. ते स्वतःच ठरवायचं आहे.

माती

पारदर्शक बाटली घ्या, तिसरा हिस्सा प्लॉटवरची माती, वर पाणी, आणि जोरात हलवून कट्ट्यावर ठेवा. वाळू तुम्ही हात काढेपर्यंत तळाला. मधला बारीक गाळ बोटभर खाली यायलाही काही मिनिटं घेतो. चिकणमातीचे कण मात्र वितभर पाण्यातून खाली यायला रात्र घेतात. सकाळीही पाणी चहासारखंच दिसलं तर समजा, ही माती एकदा पाण्यात गेली की कुठल्याही खड्ड्यात वा कापडात पूर्ण अडणार नाही. ती जागेवरच धरायला हवी.

हिंडलगा, सुळगा, उचगाव, खानापूरकडच्या तांबड्या मातीत खडे आणि चिकण दोन्ही असतं. खडे अडतात, रंग निघून जातो. बैलहोंगल-सौंदत्तीकडची काळी माती त्याहून हट्टी: उन्हात भेगाळते, पहिल्या पावसात चिकटून बसते, आणि टिपरच्या चाकाला लागून रस्त्यावर अर्धा किलोमीटर जाते. काळ्या जमिनीत खरी लढाई चाकाशी आहे. फाटकाजवळ दोन-तीन इंची खडीचा वीतभर जाड थर टाका, जमेल तेवढा लांब. तिथं बाकी उपायांपेक्षा यालाच आधी पैसे घालावेत.

उपाय शेजारी शेजारी

ताडपत्री किंवा पेंढ्याचं आच्छादन एका बाजूला ठेवा, आणि दुसऱ्या बाजूला अडवायचे उपाय: पोती, कापडी कुंपण, गाळखड्डा. पहिलं मातीला सुटूच देत नाही, दुसरं सुटलेलीला पकडायला धावतं. तीन गुंठ्यांवर ५० मिलिमीटर वळीव झाला तर पंधरा हजार लिटर पाणी, म्हणजे पाच हजारी तीन टँकर एका तासात तुमच्या प्लॉटवर रिकामे. ते पाणी वाळूच्या दहा पोत्यांनी थांबवायचं म्हणजे चाळणीनं विहीर उपसायची. मातीचा ढीग झाकला, कडेला दगड ठेवले आणि ढीग खड्ड्याच्या काठापासून निदान दीड मीटर मागं ठेवला, तर निम्मं काम तिथंच झालं. ताडपत्री तशीही सिमेंटसाठी आणावीच लागते. झाकण्यात तोटा एकच: वारा. वळिवाच्या आधीचा वारा नुसत्या विटांना जुमानत नाही, दोरी बांधा.

पोती स्वस्त, गवंडी लगेच रचतो, पण उन्हात दोन महिन्यांत फाटतात आणि मग त्यातली वाळूही गटारात. गटाराच्या तोंडाशी तात्पुरती ठीक.

कापडी कुंपण, म्हणजे जिओटेक्स्टाइल, सपाट पसरून येणाऱ्या पाण्यासाठी चांगलं. कापड वीतभर खोल चरात पुरायचं, खुंट्या दोन मीटरवर, रेघ उताराला आडवी, आणि दोन्ही टोकं चढाच्या बाजूला वळवायची. तीस मीटर कुंपणामागं दहा गुंठ्यांहून जास्त जमीन नको. ओघळात लावलं तर पहिल्याच पावसात आडवं होतं. आणि सावलीची हिरवी नेट म्हणजे जिओटेक्स्टाइल नव्हे. कुंपणाला हिरवी नेट लावून ‘आम्ही गाळ अडवलाय’ म्हणणारे मी बघितलेत. तिच्यातून माती जाते आणि प्लास्टिकच्या पिशव्या अडतात.

गाळखड्ड्याला अमेरिकन हिशेब एकराला ३,६०० घनफूट असा आहे. चाळीस गुंठ्यांनी भागला तर गुंठ्याला नव्वद घनफूट, म्हणजे आपल्या भाषेत जवळजवळ एक ब्रास. तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर तीन ब्रासचा खड्डा काढायला जागाच उरत नाही, शिवाय मुलं खेळत येतात. लेआउटवाल्याला मात्र याच्याशिवाय पर्याय नाही: सगळ्यात खालच्या कोपऱ्यात खड्डा, बाहेर पडायची वाट दगडाची, आणि निम्मा भरला की उपसायचा. न उपसलेला खड्डा म्हणजे गाळाचा नुसता थांबा.

आपल्याकडची आणखी एक युक्ती आहे आणि मला ती सगळ्यात पटते. उताराच्या खालच्या बाजूचं कंपाउंड आधी बांधायचं, जांभ्या चिऱ्याचं, घराच्या पायाच्याही आधी. खर्च नाहीतरी होणारच असतो, फक्त आधी होतो. पाणी जायला तळाशी भोकं ठेवा आणि त्यांच्यामागं खडी टाका, नाहीतर साठलेलं पाणी भिंतच ढकलेल. शेजाऱ्याच्या शेतात जाणारी जुनी वाट मात्र बुजवू नका, आणि नवीही काढू नका.

वाळा, म्हणजे खसाचं गवत, लावायचा असेल तर लावा. त्याची मुळं तीन मीटरपर्यंत जातात आणि कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधावर तो लावत आलेत. पण दाट कुंपण व्हायला एक-दोन पावसाळे जातात. बांधकामाच्या काळात त्याचा उपयोग नाही, घर झाल्यावर उतार धरायला आहे.

उरलेला मुरूम टिपर भरून विकायचा बेत असेल तर थांबा. भरावाची साधी माती ३ फेब्रुवारी २००० पासून गौण खनिज आहे. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात, पाया काढला म्हणून मातीवर सरसकट रॉयल्टीची आकारणी करता येणार नाही, माती कशाला वापरली ते बघावं लागेल, असं म्हटलं. प्लॉटवरच वापरणं सोपं. बाहेर काढायची तर खाण आणि भूविज्ञान खात्याकडं आधी विचारा.

कधी

अथणी-रायबागकडं वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, बेळगाव शहरात साधारण तेराशे, कणकुंबी-जांबोटीकडं त्याहून बराच जास्त. अथण्याच्या माणसाला मेमध्ये पाया काढणं परवडेल. खानापूर-बेळगावच्या पश्चिमेला नाही. इथं दसऱ्यानंतर पाया काढा, मेपर्यंत जोतं आणि भराव पुरा करा, म्हणजे वळिवाला उघडी जमीन सापडत नाही. मेमध्येच सुरू करायचं असेल तर पूर्ण प्लॉट एकदम सोलू नका, पायापुरतीच पट्टी काढा आणि बाकीची हरळी तशीच राहू द्या. जेसीबीवाला तक्रार करेल. त्याला तासाचे पैसे मिळतात, सपाट केल्याचं समाधान वेगळं.

ठेका ठरवताना गवंड्याच्या कागदावर दोन ओळी जास्त घाला: ढीग रोज संध्याकाळी झाकणे, फाटकासमोरचा रस्ता रोज झाडणे. धुणे नाही, झाडणे. धुतलं की ते परत काकांच्या भातात.