शब्दांच्या मुळांवरून इंग्रजी शिकताना: काही महिन्यांनंतरचा अनुभव

अवघड इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकणं सोडून गेले काही महिने मी मूळ शोधत शब्द शिकतेय. सोबतीला फुकट मिळणारी ऑनलाइन एटिमॉलॉजी (व्युत्पत्ती) डिक्शनरी, वापराची वाक्यं देणारा एक शब्दकोश आणि वही. पद्धत मला मनापासून आवडली आहे.

याचं मुख्य कारण, शब्द एकटे येत नाहीत. लॅटिनमध्ये ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. एवढं कळलं की माणसांत रमणारा तो ग्रेगेरियस, एकत्र जमणं म्हणजे काँग्रिगेट, वेगळं काढणं म्हणजे सेग्रिगेट, हे सगळं कुटुंबच ओळखीचं होतं. इग्रीजसही त्यातलाच: कळपातून उठून दिसणारा. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत ‘नामांकित’ अशा चांगल्या अर्थानेही वापरला जायचा, आज मात्र ढळढळीत चुकीला लावतात. अर्थाचा हा प्रवास कळल्यावर शब्द विसरणं अवघड होतं.

स्वभावाच्या शब्दांचंही तसंच. ग्रीक वैद्यकाने माणसाची प्रकृती रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त यांवर ठरवली. रक्तावरून आशावादी सँग्विन, कफावरून थंड स्वभावाचा फ्लेग्मॅटिक, पिवळ्या पित्तावरून तापट कॉलरिक, काळ्यावरून खिन्न मेलँकॉलिक. कफप्रकृती, पित्तप्रकृती हे शब्द कानावर असलेल्या आपल्याला हे चटकन पटतं.

मराठी वाचकाला तर आणखी एक फायदा. संस्कृत ‘ज्ञा’ धातू आणि ग्रीक ‘ग्नो’ यांचं मूळ एकच. डायग्नोसिस (रोगनिदान), प्रोग्नोसिस (आजार पुढे कसा जाईल याचा अंदाज), लॅटिनमार्गे आलेला कॉग्निशन (आकलन), सगळे ‘ज्ञाना’चे नातलग. इंग्लिश जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सलीने 1869 मध्ये घडवलेला ॲग्नॉस्टिक आणि आपला ‘अज्ञेयवादी’ शेजारी ठेवून पाहा. नकाराचा ‘अ’सुद्धा जुळतो!

आता मर्यादा. दिसायला सारखी मुळं फसवतात: पेडेस्ट्रियनमधला (पादचारी) ‘पेड’ म्हणजे लॅटिनमधला पाय, पीडियाट्रिशियनमधला (बालरोगतज्ज्ञ) म्हणजे ग्रीकमधलं लहान मूल. आउटरेजचा (संताप) तर ‘आउट’शीही संबंध नाही आणि ‘रेज’शीही, तो ‘पलीकडे’ या अर्थाच्या लॅटिन ‘उल्ट्रा’वरून फ्रेंचमार्गे आलाय. म्हणून अंदाज बांधला तरी कोश उघडायचाच. शिवाय सँग्विनपुढे ‘अबाउट’ येतं, किंवा बडबड्या मित्राला लोक्वेशस म्हणणं फार पुस्तकी वाटतं, हे व्युत्पत्ती सांगत नाही. त्यासाठी दुसरा कोश लागतोच. आणि ‘पुट अप विथ’सारख्या (सहन करणं) क्रियापदांपुढे ही पद्धत जवळजवळ निरुपयोगी; ती वाचनातूनच अंगवळणी पडतात.

त्यामुळे वहीत मी मुळापाशी थांबत नाही. प्रत्येक शब्दाखाली वाचनात भेटलेलं एक वाक्य उतरवते. तसं वाक्य मिळेपर्यंत ती ओळ कोरी राहते, आणि तोवर तो शब्द स्वतःच्या लिखाणात वापरत नाही.