खरेदीखतातली ठरलेली कलमं आणि एफ३ चं बटण: नऊ महिन्यांनंतर

वकिलांच्या ऑफिसात मराठी दस्त टाईप करणं हे माझं काम. खरेदीखत, हक्कसोडपत्र, भाडेकरार, अधूनमधून बक्षीसपत्र. यातला निम्मा मजकूर दर वेळी तोच असतो. 'सदर मिळकत निर्वेध व बोजारहित असून ती कोठेही गहाण, दान पडलेली नाही' हे मी झोपेतही टाईप करेन.

आधी आमची पद्धत चारचौघांसारखीच होती. जुनी फाईल उघडायची, 'सेव्ह ॲज' करायचं, नावं बदलायची. अशाच एका खरेदीखतात चतुःसीमेत, म्हणजे मिळकतीच्या चारही बाजूंना काय आहे त्या वर्णनात, उत्तरेला जुन्या पार्टीचा शेजारी तसाच राहिला. नोंदणी झाल्यावर लक्षात आलं. चूकदुरुस्ती दस्तासाठी सगळ्यांना पुन्हा दुय्यम निबंधकांकडे यावं लागलं. साहेब मला काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

मग वर्डमधलं क्विक पार्ट्स, म्हणजे नेहमीचा मजकूर साठवून ठेवायची सोय, हाती घेतलं. २००७ च्या आवृत्तीपासून ते तिथेच होतं म्हणे! मजकूर सिलेक्ट करून ऑल्ट आणि एफ३ दाबायचं, छोटंसं नाव द्यायचं. पुढे ते नाव टाईप करून एफ३ दाबलं की अख्खं कलम हजर. सिलेक्ट करताना परिच्छेदाची शेवटची खूणही घेतली तर समास, ओळींमधलं अंतर सगळं सोबत येतं.

पहिल्या महिन्यात मात्र गाढवपणा केला. तयार दस्तातली कलमं नावांसकट साठवली. म्हणजे जुनीच चूक, फक्त जास्त वेगाने. आता साठवलेल्या कलमात एकही नाव, रक्कम किंवा गट नंबर नाही. त्या जागी पिवळ्या रंगात तीन फुल्या. प्रिंटआधी त्या फुल्या शोधायच्या. एक जरी सापडली तरी कागद निघत नाही.

खरी डोकेदुखी आपल्या व्याकरणाची. लिहून देणार एकटा पुरुष असेल तर 'लिहून देतो', बाई असेल तर 'देते', चार भाऊ असतील तर 'देतात'. फाइंड-रिप्लेसने हे निभत नाही, कारण पुढे 'त्याचा', 'तिचा', 'त्यांचा' सगळंच फिरतं. म्हणून मुख्य कलमांचे तीन-तीन अवतार ठेवलेत. भरताना कंटाळा आला, पण सगळ्यात जास्त वेळ वाचला तो इथेच.

तक्रारी आहेतच. कलमांची ती छोटी नावं मी रोमन अक्षरांत ठेवली, त्यामुळे दर वेळी कीबोर्ड बदलावा लागतो. साठवलेलं कलम सुधारलं तरी आधी तयार झालेल्या फाइली बदलत नाहीत. दस्तांच्या बाबतीत हे मला बरंच वाटतं. आणि हा सगळा साठा माझ्या डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये नव्हता! तो वर्डच्या नॉर्मल टेम्प्लेट नावाच्या फाइलीत, विंडोजच्या एका लपलेल्या फोल्डरात. मे महिन्यात कॉम्प्युटर फॉरमॅट झाला, दस्त पेनड्राइव्हवर वाचले, कलमं गेली. दोन रविवार पुन्हा बसले. आता ती फाइल दर शनिवारी कॉपी करते. घरच्या लिब्रेऑफिसमध्येही ऑटोटेक्स्ट नावाने हीच सोय आहे, पण तिथे कलमं वेगळी भरावी लागली.

आज ४३ कलमं आहेत. चतुःसीमेचं मात्र एकही नाही. ती अजूनही हातानेच टाईप करते, पूर्वेपासून, आणि साहेब समोर बसून मोठ्याने वाचतात.