करारात लेकीचं नावच नव्हतं

मुलांच्या रीलमधून पैसे मिळवून देतो असं सांगत येणाऱ्या एजन्सीबरोबर सही करण्याआधी हे वाचा. धुळे-जळगावकडे अहिराणीत व्हिडिओ करणारी पोरं आता बरीच आहेत, आणि अशा लोकांचे फोन इकडच्या घरांतही यायला लागलेत.

माझी लेक नऊ वर्षांची. आजीची नक्कल करत अहिराणीत बोलते. ते व्हिडिओ लोकांना आवडले, फॉलोअर वाढले आणि मुंबईच्या एका 'टॅलेंट मॅनेजमेंट' कंपनीचा माणूस घरी आला. बोलायला गोड. "ताई, तुम्ही फक्त पोरीला सांभाळा, ब्रँडचं आम्ही बघतो." पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर इंग्रजी करार झाला. माझ्या भावाने तो वाचला. ७० टक्के आम्हाला, ३० त्यांना. त्यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही.

गोम टक्केवारीत नव्हतीच. करारात 'क्रिएटर' म्हणून माझं नाव होतं. लेकीचं नाव एकाही पानावर नव्हतं. अल्पवयीन मुलाने केलेला करार आपल्याकडे मुळातच रद्दबातल असतो, म्हणून पालकाची सही घेतात, त्यात वावगं काही नाही. पण पालक मुलाच्या वतीने सही करतो तेव्हा मूल कागदावर दिसतं. इथे तिला गाळलं होतं, आणि ते मुद्दाम होतं असं माझं ठाम मत आहे. कारण मूल कागदावर आलं की त्याच्यामागे कायदा येतो.

तो कायदा प्रत्येक पालकाला माहीत असायलाच हवा. बालकामगार कायदा १९८६चा. २०१६ साली तो दुरुस्त झाला आणि २०१७मध्ये बालकलाकारांसाठी नियम आले. जाहिरातही त्यात येते. मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. जिथे शूटिंग आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने आधी काढायची. मुलाच्या मनाविरुद्ध काम करून घ्यायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कमाईतले किमान २० टक्के थेट मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायचे. ते पैसे मूल सज्ञान झाल्यावर त्यालाच मिळतात.

आमच्याकडे यातलं काहीच झालं नाही. मुंबईतल्या मढच्या एका बंगल्यावर दिवाळीच्या जाहिरातीचं शूटिंग होतं. सकाळी मेकअपला बसवलेली पोर रात्री जेवणाच्या वेळीही कॅमेऱ्यासमोर उभी होती. झोपेने डोळे मिटत होते आणि "बेटा, एक लास्ट" चाललं होतं. मी थांबवायला गेले तर करारातला दंडाचा आकडा मला दाखवला. सेटवर ब्रँडकडून आलेल्या एका मुलीने बोलता बोलता बजेट सांगितलं: या एका कामाचे दीड लाख. आमच्या खात्यात आले नऊ हजार, शिवाय साबण-तेलाचा एक खोका. हिशेब मागितला तेव्हा कळलं की ७० टक्के हे 'खर्च वजा जाता' होते. एडिटिंग, प्रमोशन, गाडी, स्टुडिओ, सगळं आमच्या माथी. आधीच्या कामांना 'बार्टर' म्हणून वस्तू मिळाल्या होत्या. त्यातल्या किती कामांचे पैसे एजन्सीला मिळाले ते आजही आम्हाला कळलेलं नाही.

हिशेब मागितला त्याच आठवड्यात एजन्सीने लेकीच्या अकाउंटचा पासवर्ड बदलला. 'सुरक्षित करतो' म्हणून त्यांनी आधीच स्वतःचा ईमेल आणि नंबर त्यात टाकला होता. पाठोपाठ धमकी: "ताई, तक्रार केली तर बालकामगार कायद्यात तुम्हीच आत जाल." या एका वाक्याने किती आईबाप गप्प बसत असतील! वकिलांनी तो कायदा समोर उघडून दाखवला. मुलाला बेकायदा कामाला लावणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. पण आईवडिलांना पहिल्या गुन्ह्यात शिक्षा नाही, असं त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. म्हणून घाबरू नका. आम्ही सायबर पोलिसांत गेलो (हेल्पलाइन १९३०), जिल्हा बाल संरक्षण कक्षात आणि कामगार खात्यात अर्ज दिले. अकाउंट परत मिळालं. पैसे मिळालेले नाहीत.

घरच्या मोबाइलवर काढलेल्या रीलचं काय, हा प्रश्न मात्र आपल्याकडे अधांतरी आहे. शाळेनंतर मुलाने घरच्या व्यवसायात मदत करायला कायदा मुभा देतो, आणि एजन्सीवाले त्याच्याच आड लपतात. फ्रान्सने २०२०मध्येच सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी कायदा केला. त्यांची कमाई सज्ञान होईपर्यंत सरकारी संस्थेत जमा राहते, आणि आपला व्हिडिओ काढून टाका असं मूल स्वतः सांगू शकतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १ जुलै २०२४पासून व्हिडिओत झळकणाऱ्या मुलाचा वाटा बाजूला ठेवणं बंधनकारक आहे. न ठेवल्यास मूल अठराव्या वर्षानंतर दावा लावू शकतं. आपल्याकडे लाखो पोरं रीलमध्ये दिसतात आणि त्यांच्यासाठी असं काही नाही, याचा मला मनापासून राग येतो.

तुमच्याकडे करार आला तर मुलाचं नाव आणि वय त्यात लिहून घ्या. परवानगीची प्रत आणि मुदत ठेवीची पावती मागा. "ते नंतर बघू" म्हणाले तर तिथेच उठा. ब्रँडचं बिल थेट पाहायला मिळेल अशी अट घाला. अकाउंटचा ईमेल आणि नंबर तुमचाच ठेवा. 'कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत' हे शब्द खोडून मुदत लिहा. आम्ही ते खोडले नव्हते, त्यामुळे त्या दिवाळीच्या जाहिरातीत माझ्या लेकीचा चेहरा अजून फिरतोय, आणि तो थांबवण्यासाठी ब्रँडला वेगळी नोटीस पाठवावी लागली आहे.