रुगर १०/२२: अकरा महिने आणि तीन हजार गोळ्यांनंतर

एनसीसीच्या कॅम्पात आमच्या वाट्याला पाच राउंड यायचे. ट्रकमधून धक्के खात जायचं, उन्हात रांगेत बसून राहायचं, मग पालथं पडून पंचवीस यार्डांवर पाच गोळ्या झाडायच्या की झालं. त्या बोल्ट ओढायच्या (दर गोळीला हाताने खटका मागेपुढे करायच्या) जुन्या .२२ रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, मला लांब पडायचा. हवालदार वरून ओरडायचे, "गाल चिकटव!" आणि गाल तर पोचायचाच नाही. पुढे पंचवीस वर्षांनी ओहायोत लेकीसाठी बंदूक घेतली, रुगर कंपनीची १०/२२ रायफल, तेव्हा नेमकी हीच गोष्ट मी विसरलो होतो. त्याबद्दल पुढे लिहितोच.

आधी कायद्याचं, कारण आपल्यातले बरेच जण इथेच फसू शकतात. एच-१बी किंवा तत्सम नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडून अमेरिकेत बंदूक बाळगता येत नाही. "मित्राची आहे, रेंजवर नुसती चालवून बघतो" हेसुद्धा त्यातच आलं. म्हणून आमचं सगळं ग्रीन कार्ड हातात आल्यानंतरचं. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरला, त्यांनी पार्श्वभूमीची तपासणी केली आणि अर्ध्या तासात खोका गाडीत. सांगलीत शस्त्रपरवान्यासाठी काकांनी मारलेल्या चकरा आठवून मला कसंतरीच झालं, ते वेगळं.

तीनशे डॉलरच्या आसपास, सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप भरणारी), .२२ एलआर ही छोटी गोळी, आणि घरातल्या चौघांनी चालवायची, एवढ्या अटींवर शोध सुरू केला. सगळ्यात आधी भुरळ पडली जुन्या मार्लिन मॉडेल ६० ची. १९६० पासूनची बंदूक, लाकूड सुरेख, नेमाला चोख आणि सेकंडहँड बाजारात स्वस्त. पण तिच्या गोळ्या नळीखालच्या दुसऱ्या बारीक नळीत भरायच्या. म्हणजे दर वेळी आतली पितळी दांडी पुढे ओढायची आणि हात नळीच्या तोंडाजवळ न्यायचे. त्यात कोठा खरंच रिकामा झाला का, हे मुलांना एका नजरेत कळत नाही. मोठ्या माणसाला चालेल, नऊ वर्षांच्या मुलाला नको. सॅव्हेज ६४ आणि मॉसबर्गची प्लिंकस्टर आणखी स्वस्त होत्या. दोन्ही हातात घेतल्या, मन बसलं नाही. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. स्मिथ अँड वेसनची १५-२२ वजनाला हलकी आणि दस्ता मागेपुढे सरकणारा, म्हणजे मुलांसाठी खरं तर उत्तम. किंमत मात्र बजेटबाहेर, आणि बायको म्हणाली, "ही सैन्यातली दिसते, माझ्या घरात नको." विषय संपला.

उरली १०/२२. १९६४ पासून बाजारात आहे आणि सुटे भाग इतके मिळतात की आपल्याकडे स्प्लेंडरचे मिळतात तसे. हिच्या साध्या मॉडेलची, म्हणजे कार्बाइनची, नळी साडेअठरा इंच, वजन पाच पौंडांच्या आसपास. हिची खरी करामत तिच्या दहा गोळ्यांच्या गोल मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्या भरायच्या डबीत, आहे. .२२ च्या पुंगळीला, म्हणजे गोळीच्या पितळी कवचाला, मागे कडा असते आणि सरळ मॅगझिनमध्ये एकीची कडा दुसरीच्या मागे अडकली की गाडी थांबते. इथे आत एक चक्र आहे आणि प्रत्येक गोळीला त्यात आपापला खण. भरायलाही सोपं. मुलाचा अंगठा दुखत नाही, आणि मॅगझिन बंदुकीच्या पोटात सपाट बसतं, खाली काही लोंबत नाही.

आता माझा मूर्खपणा. दुकानात बंदूक खांद्याला लावून पाहिली कोणी? मी. दस्त्याच्या टोकापासून ट्रिगरपर्यंत साडेतेरा इंच, मला अगदी शिवून घेतल्यासारखी. रेंजवर अकरा वर्षांच्या लेकीने धरली तेव्हा तिला दस्ता खांद्याऐवजी काखेत घ्यावा लागला, डावा कोपर ताठ झाला, मान पुढे ओढली आणि तरी डोळा बंदुकीवरच्या दुर्बिणीमागे येईना. तीन गोळ्या कागदाच्याही बाहेर गेल्या. ती काही बोलली नाही, बंदूक टेबलावर ठेवून जरा बाजूला जाऊन उभी राहिली. "गाल चिकटव" असं मीही म्हणालो होतो. तोंडातून निघाल्यावर ऐकू आलं.

यावर दोन उपाय आहेत. रुगरचंच कॉम्पॅक्ट मॉडेल आहे, त्याचा दस्ता पाऊण इंचाने आखूड आणि नळीही सोळा इंचांची. ते मुलांना बसतं, पण मोठ्यांना त्यात आखडून बसावं लागतं. मी घेतला मॅगपुल कंपनीचा हंटर एक्स-२२ हा वेगळा दस्ता. मागे अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या चकत्या घालून साडेबारापासून साडेचौदापर्यंत लांबी करता येते. लाकडापेक्षा थोडा जड, दिसायला प्लास्टिकचा डबा, आणि किंमत जवळजवळ बंदुकीच्या निम्मी. तरीही अकरा महिन्यांत खर्च केलेल्या पैशांत सगळ्यात वसूल झालेले पैसे तेच. एकही चकती न घालता साडेबारावर लेकीने धरली आणि पुढच्या पाच गोळ्या, पंचवीस यार्डांवर, चहाच्या बशीत मावतील अशा गेल्या. म्हणून सांगतो, बंदूक घ्यायला जाताना घरातला सगळ्यात लहान खांदा सोबत न्या.

सेमी-ऑटोबद्दल थोडं. बोल्ट ओढायच्या बंदुकीत दर गोळीनंतर हात थांबतो, माणूसही थांबतो. इथे गोळी सुटली की पुढची आपोआप नळीत येऊन बसते, म्हणजे मूल आनंदाने मागे वळलं तर भरलेली बंदूक वळते. म्हणून पहिले दोन महिने आम्ही मॅगझिनमध्ये एकच गोळी घातली. मग दोन, मग पाच. दहा अजूनही फक्त मी आणि बायको भरतो. शिवाय शेवटची गोळी गेल्यावर हिचा बोल्ट मागे अडकून राहत नाही. रिकाम्या बंदुकीवर नुसतं "टक" होतं, आणि पाहून सांगता येत नाही. मग आमचा शिरस्ता असा: मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे, छोटी खीळ दाबून तिथेच अडकवायचा, डोळ्याने बघायचं, करंगळीने चाचपायचं, पिवळी प्लास्टिकची झेंडी खुपसायची आणि मोठ्याने म्हणायचं, "रिकामी!" ती खीळ दाबणं हे लहान हातांना कठीण आहे. एका हाताने बोल्ट ओढून धरायचा आणि त्याच वेळी ट्रिगरच्या पुढचा तो इवलासा तुकडा वर ढकलायचा. मुलाला अजून जमत नाही, बोल्ट निसटतो आणि तो चिडतो. मी मदत केली की जास्त चिडतो.

गोळ्यांनी मला बरंच शिकवलं. .२२ मध्ये ठिणगीचं मिश्रण पुंगळीच्या कडेत भरलेलं असतं. ते एखाद्या जागी नीट पसरलं नसेल आणि सुई नेमकी तिथेच बसली तर गोळी फुसकी. अशा वेळी नळी समोरच ठेवून तीस सेकंद मोजायचे, मगच बोल्टला हात लावायचा. एका स्वस्त डब्यातल्या पाचशे गोळ्यांत मला अशा नऊ निघाल्या, शिवाय प्रत्येक पन्नासात एखादी पुंगळी उभी अडकायची. सीसीआय कंपनीच्या मिनी-मॅग गोळ्यांवर आल्यापासून तो त्रास जवळजवळ गेला. चाळीस ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला १,२३५ फूट. त्यांचीच स्टँडर्ड व्हेलॉसिटी १,०७० ला, म्हणजे आवाजाच्या वेगाखाली, त्यामुळे कडाका कमी आणि माझ्या बंदुकीत नेमही सरस. पन्नास यार्डांवर टेबलावर टेकवून पाच गोळ्या दीड इंचात, स्वस्त डब्याच्या त्याच पाच अडीच-तीन इंचांत पसरायच्या. बायकोच्या कानांसाठी म्हणून मी एकदा खास मंद गोळ्याही आणल्या. आवाज खरंच टाचणी पडल्यासारखा, पण बोल्ट मागे ढकलण्याएवढा जोरच त्यांच्यात नव्हता. दर गोळीला हाताने ओढायचं. म्हणजे फिरून एनसीसी.

सगळं धरून एका गोळीला आठ-दहा सेंट पडले. तीन हजार गोळ्या झाल्या, म्हणजे बंदुकीइतके पैसे गोळ्यांनीच खाल्ले. त्यात चौघांचे कानावरचे मफ आणि चष्मे, छोटी तिजोरी, दुर्बीण आणि रेंजची वर्षाची फी धरा. तीनशेच्या बंदुकीचे हजार कधी झाले ते कळलं नाही. बायकोला कळलं.

साफसफाईबद्दल एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. हिचा मागचा भाग बंद आहे, त्यामुळे बंदूक न उघडता मागून सळई घालता येत नाही. मी पुलथ्रूसारखी, नळीतून ओढून काढायची दोरीच वापरतो, सवय जुनी. पूर्ण उघडायची वेळ आली तर खालचा एक स्क्रू, सेफ्टीचं बटण अर्ध्यावर, मग आडव्या दोन पिना. त्या मुळातच सैल असतात आणि बंदूक तिरकी झाली की आपल्या आपण पडतात. माझी एक गालिच्यात गेली. अर्धा तास रांगल्यावर लेकीने फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट आणून गालिच्यावरून फिरवला. पहिल्याच फेरीत पिन बाप्पाच्या पायाशी.

मे महिन्यात सासरे कोल्हापूरहून आले. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्निल कुसाळेने पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकल्यापासून ते स्वतःला नेमबाजीतले जाणकार समजतात. स्वप्निलची कांबळवाडी म्हणजे त्यांच्या भावकीच्या शेजारचं गाव, असा हिशेब. "ती पण बावीसचीच की!" बरोबर आहे, गोळी तीच .२२ एलआर. पण त्या बंदुका एकेक गोळी घालायच्या, आणि किमतीत आमच्यासारख्या कित्येक येतील. सासरे व्हिसिटर व्हिसावर, त्यामुळे त्यांना हात लावता येणार नाही हे सांगणं मला सगळ्यात जड गेलं. "जावईबापू, नुसती धरून बघतो की." नाही, बाबा. मग ते पूर्ण महिना दुर्बीण घेऊन खुर्चीवर बसले आणि गुण लिहीत राहिले. नातीला एक गुण जास्त द्यायचे. कागद आणल्यावर सापडायचं.

जुलैत लेक आणि मी कॅम्प पेरीला गेलो. इरी सरोवराच्या काठावरचं हे मैदान, इथे १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा होतात. सीएमपी या नेमबाजी संस्थेची रिमफायर स्पोर्टर ही स्पर्धा असल्याच साध्या बंदुकांसाठी आहे: दुर्बिणीसकट साडेसात पौंडांपेक्षा जड नको, आणि ट्रिगर ओढायला किमान तीन पौंड जोर लागला पाहिजे. नशीब माझं. हिचा मूळ ट्रिगर जड, पाच-सहा पौंडांचा, आणि मी रुगरचाच पावणेतीन पौंडांचा हलका ट्रिगर मागवायच्या बेतात होतो. तो घालून गेलो असतो तर तपासणीच्या टेबलावरूनच परत. भरभर झाडायच्या फेऱ्यांत सेमी-ऑटोवाल्यांना पाच गोळ्यांसाठी पंचवीस सेकंद देतात, बोल्टवाल्यांना तीस. लेक पहिल्या फेरीत घाईघाईने बारा सेकंदांत मोकळी झाली आणि उरलेला वेळ गप्प बसून राहिली. दुसऱ्या फेरीत चोवीस सेकंद लावले. सहाशेपैकी तिचे गुण मी सांगणार नाही, तिनेच बजावलंय. माझे तिच्याहून बावीस जास्त.

त्यानंतर तिची उंची वाढली आणि दस्त्यात अर्ध्या इंचाची चकती घालावी लागली. ती तिनेच बसवली. पण आता तेवढा दस्ता धाकट्याला लांब पडतो. त्याची पाळी आली की चकती काढायची, तिची आली की घालायची. स्क्रूड्रायव्हर आता रेंजच्या पिशवीतच असतो.