तिबिलिसी ते काझबेगी, एका दिवसाची ग्रुप टूर : टूर नक्की घ्या, जेवण मात्र आपलं आपण ठरवा

जॉर्जियाला जाणारे बहुतेक जण ही टूर घेतातच. तिबिलिसीत ती विकणारे ढीगभर आहेत आणि सगळ्यांचा रूट जवळपास सारखाच असतो, त्यामुळे कुठल्या एका कंपनीबद्दल न लिहिता टूरबद्दलच लिहितेय. आधीच सांगते, घ्या. पण फक्त त्या बर्फाच्या शिखरासाठी घेत असाल तर थोडं थांबा, कारण काझबेक ढगात असला तर दिसत नाही म्हणजे नाहीच दिसत, आणि या टूरचे खरे पैसे वसूल होतात ते रस्त्यात.

हा रस्ता म्हणजे जुना जॉर्जियन मिलिटरी रोड, तिबिलिसीहून कॉकेशस ओलांडून रशियातल्या व्लादिकावकाझला जाणारा. काझबेगीपर्यंत साधारण १५० किमी, न थांबता तीन तास धरा, थांबत थांबत अख्खी सकाळ जाते. गावाचं आताचं नाव स्तेपान्त्समिंदा आहे पण ड्रायव्हरपासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे काझबेगीच म्हणतात.

पहिला मोठा स्टॉप अनानुरीचा किल्ला, आणि मला सगळ्यात जास्त आवडला तो हाच. झिनवाली धरणाच्या पाण्याच्या अगदी काठावर आहे, अरग्वी खोऱ्यातल्या सरदारांचा हा किल्ला, आत १७व्या शतकातलं चर्च. सगळे जण खाली पाण्यासोबत फोटो काढायला पळतात, तुम्ही आधी चर्चच्या दक्षिणेकडच्या भिंतीसमोर उभे राहा. तिथे दगडात भला मोठा क्रॉस कोरलाय आणि तो द्राक्षाच्या वेलीचा आहे. जॉर्जियात चौथ्या शतकात ख्रिश्चन धर्म आणणाऱ्या संत निनोचा क्रॉस द्राक्षाच्या फांद्यांचा होता आणि तिने तो स्वतःच्या केसांनी बांधला होता अशी तिथली श्रद्धा आहे. आमच्या गाइडने हे सांगितलं आणि मग दिवसभर कुठेही तो किंचित खाली झुकलेल्या हातांचा क्रॉस दिसला की लगेच ओळखू यायला लागला. गाइड चांगला असणं किती महत्त्वाचं आहे ते इथे कळतं, नुसता ड्रायव्हर असता तर भिंत बघून पुढे गेलो असतो.

मग पासानाउरीला पांढरी अरग्वी आणि काळी अरग्वी अशा दोन नद्या भेटतात, एकीचं पाणी फिकट आणि दुसरीचं गडद, आणि थोडं अंतर दोन्ही रंग शेजारी शेजारी वाहतात. पुढे गुडौरी या स्कीइंगच्या गावानंतर दरीच्या कडेला ते अर्धगोल रंगीत स्मारक येतं. रशिया-जॉर्जियाच्या १७८३ च्या तहाला २०० वर्षं झाली म्हणून १९८३ मध्ये सोव्हिएत काळात बांधलेलं. आतून पूर्ण भिंतभर टाइल्सवर चित्रं आहेत. बघायला मस्त, पण गर्दी खूप आणि वारा असा की उन्हाळ्यातसुद्धा जॅकेट गाडीत ठेवू नका, घालूनच उतरा.

नंतर जवळपास २,४०० मीटरवरची जवारी खिंड लागते आणि पलीकडे उतरताना खनिजाच्या पाण्याने केशरी झालेला डोंगरउतार. मालवाहू ट्रकची रांग मात्र सोबतीला असतेच, कारण रशियाच्या बॉर्डरला जाणारा रस्ता हाच. खिंड टाळून जाणारा सुमारे ९ किमीचा बोगदा होतोय, पण खिंडीतून जायची मजा वेगळीच आहे, मला तरी ते हळूहळू जाणं अजिबात खटकलं नाही.

शेवटी गेर्गेती. १४व्या शतकातलं चर्च, २,१७० मीटरवर एकटंच उभं आणि मागे पाच हजार मीटरच्या वरचा काझबेक. संकटाच्या वेळी खाली म्त्सखेता या जुन्या राजधानीतले पवित्र अवशेष, त्यात निनोचा क्रॉससुद्धा, इथे वर आणून लपवायचे, आणि ती उंची बघितली की का ते लगेच पटतं. बायकांनी डोक्याला स्कार्फ आणि गुडघ्याखाली जाणारं काहीतरी हवं, पुरुषांनी शॉर्ट्स टाळा. बुकिंग करताना हे मात्र विचाराच की गावातून चर्चपर्यंतच्या फोर-बाय-फोर गाडीचे पैसे टूरमध्ये धरलेत की वेगळे, कारण आमच्या ग्रुपमधल्या काही जणांना ते ऐनवेळी कळलं आणि वाद झाला. आणि वर निदान एक तास मिळतोय ना ते बघा. ढग सरकायची वाट बघायला वेळ हवाच, आम्हाला शिखर दिसलं ते निघायच्या जरासं आधी.

आता तक्रार. जेवण. ग्रुपला ठरलेल्याच रेस्टॉरंटला नेतात, आम्हाला नेलं तेही दुपार उलटून गेल्यावर, तिथे दोन बस आधीच उभ्या, आणि समोर आली ती कोमट खिंकाली, म्हणजे मांस आणि रस भरलेले, मोदकासारखे डंपलिंग. खिंकाली कोमट खायची गोष्टच नाही! हा पदार्थ मूळचा याच डोंगराळ भागातला, पासानाउरीची खिंकाली तर देशभर प्रसिद्ध, आणि आपण तिथूनच जातो तरी थांबत नाही हे मला खरंच लागलं. नंतर तिबिलिसीत साध्या जागी खाल्ली तेव्हा कळलं. वाफा येत असतात, वर काळी मिरी भुरभुरलेली, वरच्या पिठाच्या देठाला धरून उचलायची, बाजूला छोटा चावा घेऊन आधी आतला गरम रस ओढून घ्यायचा आणि मग बाकीची खायची, काटा लावला की सगळा रस ताटात. देठ खात नाहीत, ताटातच ठेवतात. शाकाहारी असाल तर मशरूमची, बटाट्याची किंवा चीजची मागा. शिवाय लोबियानी, म्हणजे राजमा भरलेली रोटी, आणि अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी आहेतच, त्यामुळे उपाशी राहायची भीती नाही.

म्हणून शक्य असेल तर चार जण मिळून स्वतंत्र गाडी करा, गाइड बोलणारा आहे ना ते आधी विचारा आणि पासानाउरीला खिंकालीसाठी थांबायचं आधीच ठरवून घ्या. ग्रुप टूरच घेणार असाल तर सकाळी तिबिलिसीतल्या बेकरीतून गरम खाचापुरी (चीज भरलेला ब्रेड) बांधून घ्या आणि जेवणाच्या वेळी गावात फिरा. हिवाळ्यात जात असाल तर आदल्या रात्री खिंड चालू आहे का ते विचारा, हिमकडे कोसळायची भीती असली की रस्ता बंद करतात, आणि अशा वेळी पैसे परत मिळणार का हे बुकिंगच्या आधी लेखी घ्या.