भरती रुग्णाच्या नातेवाइकांसाठीची 'कुटुंब सहभाग' सेवा: सुरुवात बरी, शेवट कच्चा

मानसोपचार रुग्णालयांच्या माहितीपत्रकात हल्ली 'कुटुंब सहभाग कार्यक्रम' हमखास असतो. नाव एकच, पण पदरात पडतं ते वेगवेगळं. कुठे आठवड्याला एक व्याख्यान, तर कुठे उपचार ठरवताना खरोखर शेजारची खुर्ची. आमचं मत असं की रुग्णालयं नातेवाइकांकडून माहिती छान घेतात, द्यायची वेळ आली की हात आखडतात.

भरतीचं काम चांगलं होतं, कारण तेव्हा गरज रुग्णालयाची असते. झोप कधीपासून बिघडली, कोणती गोळी परस्पर बंद झाली, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा झाली का, हे घरचेच सांगू शकतात. चांगल्या ठिकाणी ते दोनदा विचारतात, एकदा रुग्णासमोर आणि एकदा वेगळं बसवून. 'हा अंगावर धावून येतो' हे त्याच्या तोंडावर कोणती आई सांगेल?

सिगारेटची चौकशी मात्र राहूनच जाते. धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरची औषधं शरीरातून लवकर बाहेर पडतात. वॉर्डात सिगारेट सुटली की त्याच डोसवर रक्तातलं औषध वाढतं आणि पेंग येते. घरी पुन्हा सुरू झाली की ते घटतं आणि आजार डोकं वर काढतो. गोळ्या वेळेवर देऊनही असं का झालं, हे घरच्यांना कळत नाही, कारण कुणी सांगितलेलंच नसतं.

गोपनीयतेची ढाल हा या सेवेचा सर्वांत मोठा दोष. रुग्णाची संमती नसेल तर त्याची खासगी माहिती साधारणपणे देता येत नाही, हे बरोबरच आहे. पण नातेवाइकाचं ऐकून घ्यायला किंवा आजाराबद्दल सर्वसाधारण माहिती द्यायला ती संमती लागत नाही. शिवाय संमती सरसकट 'हो' किंवा 'नाही' अशी घेऊ नये. औषधं आणि घरी जाण्याची तारीख सांगायला हरकत नाही, पण समुपदेशनातलं बोलणं सांगू नका, असं रुग्ण ठरवू शकतो. तीव्र अवस्थेत नकार देणारा आठवड्याने तयारही होतो. पुन्हा विचारणारी ठिकाणं थोडीच.

कुटुंबाच्या सत्रांचं मोजमाप सोपं आहे. स्किझोफ्रेनियासाठी ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना ३ महिने ते १ वर्षात किमान १० सत्रं सांगतात. भरतीच्या मुक्कामात ती पुरी होत नाहीत, म्हणून घरी गेल्यावरही ती चालू राहतात का, ते विचारा. सततची टीका, वैरभाव आणि अतिकाळजी असलेल्या घरांत आजार अधिक वेळा उलटतो. हे शिकवताना घरच्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं की ते पुढच्या सत्राला फिरकत नाहीत. त्यापेक्षा 'दिवसभर लोळत असतोस' याऐवजी 'दहा वाजता उठून चहा माझ्याबरोबर घे' हे वाक्य सत्रातच तीनचारदा म्हणवून घेणारा समाजसेवक जास्त कामाचा.

घरी सोडण्याच्या दिवशी सगळी घाई. बिल, फाइल, गोळ्यांची पिशवी, आणि 'पंधरा दिवसांनी या'. वास्तविक घरी गेल्यानंतरचे पहिले काही दिवस, आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने विशेष जोखमीचे असतात. पहिला फोन किंवा भेट आठवड्याच्या आत हवी. क्लोझापिन ४८ तासांहून अधिक चुकलं तर जुना डोस एकदम देऊ नये, डॉक्टरांशी बोलून १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवावा लागतो. लिथियम (मनाचे चढउतार आवरणारं औषध) चालू असताना जुलाब, उलट्या झाल्या किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली तर त्याचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. हाताचा कंप वाढला, तोल जाऊ लागला, बोलणं अडखळलं की दवाखाना गाठायचा. लिथियमसाठी रक्त तपासायचं ते शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी. हे सगळं एका कागदावर मावतं. तो कागद, रात्री उचलला जाणारा फोन नंबर आणि मागच्या खेपेला आजार उलटताना दिसलेली दोनतीन लक्षणं हातात दिल्याशिवाय रुग्णाला सोडू नये.

काळजी घेणाऱ्याच्या थकव्यासाठी झारिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली काही ठिकाणी भरून घेतात. गुण फाइलला लागतात, पण जास्त आले तर कुणी काय करायचं हे ठरलेलं नसतं. तसं असेल तर ती भरायला लावूच नये.

पाचपैकी अडीच.